नावेचं वेल्डिंग झालं, पण ब्रश मारला का?



पावसाळा तोंडावर आला की आपल्या दूधगंगेच्या काठावर पत्र्याच्या नावा दुरुस्तीला वर ओढल्या जातात. वेल्डिंग केलं, वरून रंग फासला, झालं काम, असं होऊ देऊ नका. मधली साफसफाई राहिली तर सांधा लवकर गंजतो, आणि गळती कळते ती भरल्या पाण्यात.

वेल्डिंगच्या कांडीवरचं आवरण वितळून सांध्यावर काचेसारखी खपली बसते. तिला स्लॅग म्हणतात. तिच्यावर रंग मारला तर रंग लोखंडाला नाही, खपलीला चिकटतो. खपली सुटली की रंगही गेला. शिवाय तिच्याखालचं बारीक भोक दिसत नाही. म्हणून आधी चिपिंग हातोडीनं खपली पाडा, मग तारेचा ब्रश मारा. वेल्डिंगचा दुसरा थर द्यायचा असेल तर त्याच्या आधीही हेच करा, नाहीतर खपली आतच गाडली जाते.

कुठला ब्रश घ्यायचा?
• छोट्या कामाला हाताचा ब्रश पुरतो.
• सपाट पत्र्याला ग्राइंडरचा कप ब्रश, कोपऱ्याला आणि सांध्याच्या रेघेला चाकासारखा.
• पीळ दिलेल्या तारांचा ब्रश वेल्डिंगला आणि जाड गंजाला. सुट्या तारांचा हलक्या गंजाला.
• स्टेनलेस स्टीलला स्टेनलेस तारेचाच ब्रश, आणि तो वेगळा ठेवा. साध्या ब्रशचे लोखंडी कण त्यात रुततात आणि स्टेनलेसवरही गंज दिसतो.

ब्रशवर लिहिलेला वेग ग्राइंडरच्या वेगापेक्षा कमी नको. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतो, तेव्हा दोन्हीवरचे आकडे दुकानातच वाचून घ्या. आटेही जुळवून बघा.

ब्रश दाबून धरू नका. काम तारेचं टोक करतं. दाबलं की तारा वाकतात, तुटतात आणि सुईसारख्या उडतात. म्हणून गॉगल, त्यावर तोंडाची ढाल, हातमोजे, पूर्ण बूट आणि ग्राइंडरचं गार्ड पाहिजेच. लुंगी, उपरणं, सैल बाही लांब ठेवा. जुना रंग खरवडताना मास्क लावा. डोळ्यात तार गेलीच तर चोळू नका, स्वतः उपसू नका, थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जा.

सांधा स्वच्छ झाला की गळती तपासा. बाहेरून खडू पाण्यात कालवून लावा, वाळू द्या. मग आतून सांध्यावर रॉकेल लावून थोडा वेळ थांबा. खडूवर काळपट डाग उमटला की तिथं भोक आहे. परत वेल्डिंग करण्याआधी रॉकेल पूर्ण पुसून, धुऊन, वाळवून घ्या, आग लागू शकते.

शेवटी धूळ आणि तेलकटपणा काढून त्याच दिवशी रेड ऑक्साइड मारा. नदीकाठच्या दमट हवेत उघडं लोखंड लगेच गंज धरतं.

नाव पाण्यात सोडायच्या आधी प्रत्येक सांधा एकदा बोट फिरवून बघा. खरखरीत लागला तर ब्रश परत हातात घ्या.