‘एक्मो’ अर्थात शरीराबाहेरील फुप्फुस

आपल्या सभासद वैद्यांच्या व औषधविक्रेत्या बंधूंच्या कानी ‘एक्मो’ हा शब्द बहुधा वृत्तपत्रांतून आला. डिसेंबर २०१६ मध्ये तामिळनाडूच्या मुख्यमंत्री जयललिता यांना हृदयक्रिया बंद पडल्यानंतर, आणि २०२० साली ख्यातनाम गायक एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांना कोविडच्या आजारात, या यंत्राच्या आधारावर ठेवल्याच्या वार्ता घरोघर वाचल्या गेल्या. दोघांचाही अंत झाल्यामुळे ‘एक्मो लावले म्हणजे संपलेच’ अशी समजूत लोकमानसात रुजली. पहिल्या प्रसंगी यंत्र हृदयासाठी लावलेले होते, दुसऱ्यात फुप्फुसासाठी, हा भेद कोणी ध्यानात घेतला नाही. आज रुग्णाचे आप्त आपल्या चिकित्सालयात येऊन विचारतात, “वैद्यबुवा, तिकडचे डॉक्टर एक्मो लावायचे म्हणतात, लावू द्यावे का?” या प्रश्नास उत्तर देण्यापूर्वी हे यंत्र नेमके काय करते आणि काय करीत नाही, हे आपणांस ठाऊक असले पाहिजे. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन तेवढेच आहे.

इन्फ्लुएंझा वा कोरोना विषाणूचा आघात फुप्फुसातील वायुकोशांच्या सूक्ष्म अस्तरावर होतो. अस्तर फाटले की रक्तातील जलांश व प्रथिने वायुकोशांत झिरपतात आणि फुप्फुस भिजलेल्या स्पंजासारखे जड होते. इटलीतील वैद्यकतज्ज्ञ गॅटिनोनी यांनी अशा फुप्फुसास ‘बाळाचे फुप्फुस’ असे नाव दिले. प्रौढाच्या छातीत हवा घेऊ शकणारा भाग एका लहान बालकाच्या फुप्फुसाएवढाच उरतो, असा त्याचा अर्थ. व्हेंटिलेटरने ढकललेली हवा या उरलेल्या निरोगी भागातच शिरते व त्यास ताणून इजा करते. म्हणजे प्राण वाचविणारे यंत्रच फुप्फुसाचा घात करू शकते. अमेरिकेत ८६१ रुग्णांवर झालेल्या व २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रत्येक श्वासातील हवेचे प्रमाण निम्म्यावर आणताच मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. पुढे २०१३ साली फ्रान्समधील अभ्यासाने रुग्णास दिवसातून सोळा-सोळा तास पालथे निजविण्याचे महत्त्व सिद्ध केले. अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू जवळजवळ ३३ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर उतरले. हे दोन्ही उपाय स्वस्त आहेत. ते नीट केल्यावाचून एक्मोचा विचार करणे म्हणजे पाया न भरता कळस चढविणे होय, असे आम्हांस वाटते.

एवढे करूनही रक्तातील प्राणवायू उतरतच राहिला, तर हा बाह्य आधार घेतला जातो. मांडीच्या मोठ्या शिरेत बोटभर जाडीची नळी घालून काळपट रक्त बाहेर काढतात. चुंबकाच्या योगे फिरणारा पंप ते मिनिटास सुमारे चार ते पाच लिटर या वेगाने कृत्रिम फुप्फुसात ढकलतो. हे फुप्फुस म्हणजे केसाएवढ्या बारीक पोकळ तंतूंची घट्ट जुडी होय. तंतूंच्या आतून वायू वाहतो, बाहेरून रक्त. मधल्या पडद्यातून प्राणवायू आत येतो व कार्बन डायऑक्साइड निघून जातो. मानवी फुप्फुसाचे पृष्ठ सुमारे ७० चौरस मीटर असते. या जुडीचे अवघे दोन चौरस मीटरच्या आसपास. तरीही शुद्ध प्राणवायूच्या बळावर ते पुरे पडते. लालभडक झालेले रक्त उबदार करून मानेच्या शिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यात परत सोडले जाते. रक्त शिरेतून निघून शिरेतच परतते, म्हणून या प्रकारात हृदयाचे काम हृदयच करते. हृदयही थकले असेल तर रक्त धमनीत सोडावे लागते. तो प्रकार निराळा व त्याची संकटेही निराळी.

यंत्र चालू झाले की व्हेंटिलेटरचा दाब उतरवून फुप्फुसास विश्रांती देतात. अशा वेळी पडद्यावर प्राणवायूचा आकडा ८५ दिसला तरी आप्तांनी घाबरण्याचे कारण नसते. ८० ते ९० च्या दरम्यानचे प्रमाण या काळात चालवून घेतले जाते.

सुश्रुताचार्यांनी याप्य व्याधीचे वर्णन करताना, कोसळू पाहणाऱ्या घरास नीट लावलेल्या टेकूचा दृष्टान्त दिला आहे. एक्मोचे कार्य समजावयास याहून नेमका दृष्टान्त आम्हांस सापडला नाही. टेकू भिंत दुरुस्त करीत नाही. दुरुस्ती होईतो घर उभे ठेवतो. विषाणूवर या यंत्राचा काहीही परिणाम होत नाही. भेद इतकाच की याप्य व्याधीत टेकू कायमचा असतो आणि येथे तो काही दिवसांत काढावयाचा असतो. भिंत पूर्वीच ढासळून गेली असेल तर टेकू व्यर्थ होय. (प्राणवायू हृदयकमलास स्पर्श करून बाहेरील अमृत पिण्यास कंठातून निघतो, हे शार्ङ्गधराचे वर्णन पुढे करून ‘एक्मो आमच्या ग्रंथांत होतेच’ असे म्हणणारे काही उत्साही मित्र आम्हांस भेटतात. त्या वर्णनाची थोरवी अशा दाव्यांवर अवलंबून नाही.)

या यंत्राचा इतिहास यशापेक्षा अपयशाने अधिक शिकविणारा आहे. फिलाडेल्फिया येथे जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. पण ते यंत्र काही तासांपुरतेच होते. १९७१ साली कॅलिफोर्नियात अपघातग्रस्त तरुणास डोनाल्ड हिल यांनी ७५ तास बाह्य फुप्फुसावर ठेवून वाचविले, आणि आशा पल्लवित झाल्या. १९७५ साली रॉबर्ट बार्टलेट यांनी एका नवजात बालिकेस वाचविले. मात्र १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीने पाणी फिरवले. ९० प्रौढ रुग्णांपैकी यंत्राच्या गटात चार आणि नेहमीच्या उपचारांच्या गटातही चारच जगले. पुढील तीन दशके प्रौढांमध्ये हे तंत्र मोजक्या केंद्रांपुरते उरले.

२००९ साली स्वाइन फ्लूने चित्र पालटले. त्या ऑगस्टमध्ये भारतातील पहिला बळी पुण्यात गेला आणि मुखपट्ट्यांसाठी औषधांच्या दुकानांपुढे कशा रांगा लागल्या, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभविले आहे. त्याच हंगामात ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये ६८ रुग्णांना एक्मोवर ठेवण्यात आले. त्यांचे सरासरी वय अवघे ३४ होते. अहवाल प्रसिद्ध होईपर्यंत त्यांपैकी ४८ जण अतिदक्षता विभागातून बाहेर पडले होते. त्याच वर्षी इंग्लंडमधील १८० रुग्णांच्या चाचणीत, लेस्टरच्या एक्मो केंद्राकडे पाठविलेल्यांपैकी ६३ टक्के रुग्ण सहा महिन्यांनी अपंगत्वाशिवाय जिवंत होते; इतरत्र हे प्रमाण ४७ टक्के होते. यातील मर्म मात्र पुष्कळांच्या नजरेतून सुटते. केंद्राकडे पाठविलेल्या ९० पैकी ६८ जणांनाच यंत्र लागले. उरलेल्यांतील काही जण तेथील निगुतीच्या उपचारांनीच सावरले. योग्य स्थळी वेळेवर पोहोचणे हाही उपचाराचाच भाग आहे.

२०१८ सालच्या २४९ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत साठ दिवसांतील मृत्यू ३५ टक्के विरुद्ध ४६ टक्के असे आले. संख्याशास्त्राच्या काटेकोर कसोटीस हा फरक थोडक्यात उतरला नाही. परंतु नेहमीच्या उपचारांच्या गटातील २८ टक्के रुग्णांना अखेरीस एक्मोच द्यावे लागले होते, हे लक्षात घेता आम्ही या निष्कर्षास प्रतिकूल मानीत नाही. कोविडच्या प्रारंभी, ३६ देशांतील १०३५ रुग्णांच्या नोंदीत मृत्यूचे प्रमाण ३८ टक्क्यांच्या आसपास होते. पुढे नव्याने हे काम सुरू केलेल्या केंद्रांत ते निम्म्याहून वर गेले. यंत्र विकत घेता येते, अनुभव घेता येत नाही.

आता आपल्याशी निगडित भाग. २०१५ च्या फ्लूच्या साथीत छत्तीस वर्षांचा एक शेतकरी पाचव्या दिवसाचा ज्वर घेऊन आमच्याकडे आला. त्रिभुवनकीर्ती व सितोपलादी चालू होती, ज्वर उतरू लागला होता. त्या दिवशी चिकित्सालयात गर्दी होती. आम्ही नाडी पाहिली, श्वास मोजले नाहीत. दुसऱ्या सायंकाळी तो परत आला तेव्हा श्वास मिनिटास ३४ होते आणि बोलताना वाक्य तुटत होते. आपल्या परंपरेतील अहोरात्रातील २१,६०० श्वासांची गणना मिनिटास बरोबर १५ पडते. ती आम्हांस मुखोद्गत होती, पण आदल्या दिवशी उपयोगी आणली नाही. त्याच रात्री त्यास शहरात धाडले. व्हेंटिलेटर, पालथे निजविणे आणि तिसऱ्या दिवशी एक्मो. अकरा दिवसांनी नळ्या निघाल्या. कुटुंबाने अर्धा एकर जमीन विकली होती.

म्हणून आमचे सांगणे असे. विषाणूज्वरात तिसऱ्या ते सातव्या दिवसांदरम्यान प्रत्येक भेटीत पूर्ण मिनिटभर श्वास मोजावेत आणि बोटावरील ऑक्सिमीटर लावावा. श्वास ३० वर वा प्राणवायू ९४ च्या खाली असेल, तर तमकश्वास समजून घरी थोपवून धरू नये. महाश्वास, ऊर्ध्वश्वास व छिन्नश्वास ही लक्षणे प्रकट होईतो वाट पाहणे म्हणजे संहितांनीच असाध्य म्हटलेल्या अवस्थेची वाट पाहणे होय. तीव्र दाबाच्या व्हेंटिलेटरवर सात दिवसांहून अधिक काळ गेल्यास एक्मोचा लाभ घटतो. मेंदूतील रक्तस्राव, असाध्य कर्करोग किंवा फुप्फुसाचा पूर्वीचाच न भरून येणारा ऱ्हास असल्यास ते लावीत नाहीत. अशा वेळी नकार देणाऱ्या डॉक्टरांवर आप्त संतापतात. तेव्हा त्यांना समजावून सांगणे आपल्याच वाट्याला येते.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी दोन गोष्टी. ओसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत अधिक उपयोगी पडते. ‘उद्या बघू’ म्हणून रुग्णास परत पाठवू नये, पण चिठ्ठीवाचून ते देऊही नये. आणि प्राणवायूची गरज नसलेल्या रुग्णास आधीच डेक्सामेथासोन दिल्याने लाभ होत नाही, हे २०२० सालच्या इंग्लंडमधील मोठ्या चाचणीत स्पष्ट झाले आहे.

एक्मोवरील रुग्णाचे रक्त यंत्रात गोठू नये म्हणून हिपॅरिन चालू असते. रक्तस्राव हे या उपचाराचे सर्वांत मोठे संकट. मेंदूत झाल्यास ते प्राणघातक ठरते. अशा काळात नाकातील नळीतून चोरून काढा देण्याची विनंती आप्त करतात. ती स्पष्ट नाकारावी. घरी परतल्यावरही, नळी होती त्या शिरेत गुठळी आढळल्यास काही महिने रक्त पातळ ठेवणारी औषधे चालतात. तेव्हा लसूण, गुग्गुळ किंवा हरिद्रा यांचे अधिक मात्रेतील कल्प आपण होऊन सुरू करू नयेत. रुग्णालयाची पत्रिका मागून घ्यावी आणि तेथील डॉक्टरांशी बोलावे. बल, मांस व निद्रा यांचा ऱ्हास मात्र महिनोन्‌महिने टिकतो. तेथे लघु आहार, हलका अभ्यंग, श्वासाचे सौम्य व्यायाम आणि पुनःपुन्हा भेट या आपल्या कामास भरपूर वाव आहे.

तो शेतकरी चार महिन्यांनी आमच्या जिन्याच्या सातव्या पायरीवर थांबून, दम घेऊन वर आला. मानेवर नळीचा व्रण होता. आम्ही प्रथम त्याचे श्वास मोजले, मिनिटास अठरा.