बाळाचे हृदय आणि कसाऱ्याचा घाट

अंगावर पिताना दोन मिनिटांत दमणारे, कपाळावर घाम येणारे, वजन न धरणारे बाळ आमच्या इगतपुरी तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर असले, की घरची म्हातारी माणसे म्हणतात, ‘अशक्त आहे, होईल बरं.’ रडताना ओठ-नखे निळी पडू लागली, की मग धावपळ. हजार जन्मांमागे आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. सगळेच गंभीर नसतात, काही छिद्रे आपोआप बुजतात. पण काहींना शस्त्रक्रिया लागते, आणि तीही वेळेत.

मग ती नाशिकलाच, जिल्ह्याजिल्ह्यात का नको? मीही पूर्वी असेच म्हणत असे. पण मुठीएवढ्या त्या हृदयासाठी नुसता शल्यविशारद पुरत नाही. भूलतज्ज्ञ, हृदय-फुप्फुस यंत्र चालवणारा तंत्रज्ञ, रात्रभर डोळ्यांत तेल घालून बसणाऱ्या परिचारिका असा संच लागतो, आणि त्या सगळ्यांचा हात रोज चालता हवा. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या रुग्णालयातील बालमृत्यूंवरचा चौकशी अहवाल २००१ साली आला, तेव्हापासून तिकडे केंद्रे थोडी पण मोठी असावीत, असा विचार बळावला. वर्षाला किमान चारशे शस्त्रक्रिया, चार शल्यविशारद, असा निकष ठरला. २०११ मध्ये लोकांची मते मागवली, २०१२ मध्ये सात केंद्रे ठरली. लीड्सचे केंद्र वगळले गेले, तिथले लोक न्यायालयात गेले. केंद्रांना दिलेल्या गुणांचा तपशील लोकांपुढे ठेवला नव्हता, म्हणून २०१३ मध्ये तो निर्णय रद्द ठरला. तज्ज्ञांचे म्हणणे चुकीचे नव्हते हो. विचारण्याची रीत चुकली.

आपल्याकडे २०१३ साली पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. तपासणी पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत, एकदा शाळेत येते. दोषाची शंका आली की मूल पुढे पाठवतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून शस्त्रक्रियेचा खर्च निघू शकतो. पण परळच्या वाडिया किंवा केईएमसारख्या रुग्णालयापर्यंत पोचायचे, तर मुंबईची लोकल घाटाखाली कसाऱ्यालाच संपते. आईची मजुरी बुडते, घरचे थोरले मूल शेजारणीकडे, मुंबईत रात्र काढायची कुठे हा घोर वेगळाच. शस्त्रक्रिया एकदाची होते. तपासणीच्या फेऱ्या मात्र वर्षानुवर्षे. त्या चुकल्या, तर केलेल्यावर पाणी पडते.

माझे मत विचाराल, तर शस्त्रक्रिया मोठ्या केंद्रातच व्हावी. पण नंतरचा टू-डी एको नाशिकलाच व्हावा, ठरलेल्या वारी. हे ठरवताना आयांना विचारायला हवे. त्याची रीत आपल्याकडे आहे. आरोग्यसेवेवरच्या जनसुनवाया महाराष्ट्रात २००७ नंतर अनेक ठिकाणी झाल्या. ग्रामसभा तर हक्काची. येत्या ग्रामसभेत एवढेच विचारा: गेल्या वर्षी आपल्या अंगणवाडीतली किती मुले पुढे पाठवली, आणि त्यातली किती खरोखर मुंबईला पोचली?