टक्कल ठेवायचं, तर नीट ठेवा

आईने स्थळांना पाठवलेल्या फोटोत माझ्या डोक्यावर केस होते. फोटो चार वर्षांपूर्वीचा. आम्ही कांदेपोह्यांना गेलो तेव्हा मुलीच्या काकांची नजर सारखी माझ्या कपाळावरून वर सरकत होती. कोणी काही बोललं नाही. पण वडोदऱ्याला परतताना मला वाटलं, आपण त्या लोकांना फसवलंच की. दुसऱ्या दिवशी मी सलूनमध्ये जाऊन सगळं डोकं साफ करून आलो.

घरात जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. आपल्याकडे डोक्यावरून वस्तरा फिरतो तो जावळाला, मुंजीला आणि घरातलं वडीलधारं माणूस गेल्यावर. दार उघडल्यावर आईचा चेहराच उतरला. "तुझे बाबा धडधाकट आहेत, आणि तू असा आलास?" एवढं म्हणून ती आत गेली. दोन दिवस जेवायला वाढण्यापुरतीच बोलली.

त्यातच तिसऱ्या दिवशी डोकं पेटलं. मानेवर लाल पुरळ, कानामागे बारीक पुटकुळ्या, हेल्मेट घातलं की चरचर. सलूनमध्ये घाईघाईत उलटा वस्तरा मारला होता आणि वर भरपूर आफ्टरशेव्ह चोळलं होतं. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली. सुदैवाने लावण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवली. त्यात स्टेरॉइड होतं. अशी मलमं मनाने लावत राहिलं तर त्वचा पातळ होते आणि बुरशीचा संसर्ग असेल तर तो वाढतो. डॉक्टर म्हणाल्या, "पुरळ पूर्ण बसेपर्यंत वस्तरा नको, रेझरही नको. मग दाढी करण्याची पद्धत बदला."

पुरळ का येतं, तेही त्यांनी समजावलं. फार खोलवर कापलेल्या केसाचं टोक अणकुचीदार होतं आणि वाढताना वळून पुन्हा कातडीत शिरतं. शरीर त्याला काटा समजतं आणि तिथे सूज येते. कुरळ्या केसांना हा त्रास जास्त. म्हणून काचेसारखं गुळगुळीत करण्याचा हट्ट सोडला की निम्मा त्रास कमी होतो.

आता माझी पद्धत अशी आहे. केस वाढलेले असतील तर आधी ट्रिमर फिरवायचा. रेझर अंघोळीनंतरच घ्यायचा, कारण कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं भिजलेला केस मऊ होतो आणि सहज कापला जातो. अंगाचा साबण नाही, बिनवासाचं शेव्हिंग जेल किंवा क्रीम. केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने, दाब न देता, छोटे छोटे हात मारायचे आणि प्रत्येक वेळी पातं धुवायचं. भोवऱ्यापाशी केसांची दिशा फिरते, तिथे आधी बोटाने चाचपून बघायचं. एकाच जागी पुन्हा पुन्हा रेझर ओढायचा नाही.

पातं पाच ते सात वेळा वापरलं की टाकून द्यायचं. रेझर ओल्या बाथरूममध्ये न ठेवता कोरड्या जागी ठेवायचा, आणि तो भावाला, मित्राला, कुणालाही द्यायचा नाही. सलूनमध्ये गेलात तर पातं डोळ्यांसमोर नवीन घालायला सांगा. रक्तातून पसरणारी कावीळ अशानेही लागू शकते.

शेवटी गार पाणी, टॉवेलने टिपणं (घासणं नाही) आणि साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर. बारीक कापलं तर तुरटी रक्त थांबवते, पण रोज सगळ्या डोक्यावर फिरवली की कातडी कोरडी पडते. आपल्याकडचं ऊन तर ठाऊकच आहे. बाहेर पडण्याआधी किमान ३० एसपीएफचं सनस्क्रीन लावायचं, उन्हात राहिलात तर दर दोन तासांनी पुन्हा. हेल्मेटखाली धुतलेला सुती रुमाल बांधा. नवरात्रात गरबा खेळून आलात की घाम तसाच वाळू देऊ नका, डोकं धुऊनच झोपा.

एवढं करूनही पू झाला, मानेवर कडक गाठी आल्या किंवा केस एकदम चकत्यांनी गळू लागले तर घरगुती उपाय पुरे, डॉक्टरांकडे जा. आणि वारंवार भादरल्याने केस दाट येतात या आशेवर राहू नका. वस्तरा कातडीच्या वरचा केस कापतो, मुळाला त्याचा पत्ताही नसतो.

राहिला आईचा प्रश्न. तो सोडवला बाबांनी. एका रविवारी मी आरशासमोर मान वाकडी करून मागची बाजू करायला धडपडत होतो. बाबा आले, काही न बोलता रेझर हातात घेतला आणि हलक्या हाताने मान साफ करून दिली. मग आईला हाक मारून म्हणाले, "बघ, मी अजून आहे, आणि पोराचं डोकं मीच करतोय. आता तरी अपशकुन म्हणू नकोस."

आई हसली नाही. पण संध्याकाळी गच्चीवर नेऊन तिने माझा नवा फोटो काढला. स्थळांना आता तोच जातो.