संज्ञा आणि शोध : ‘मॅथ रॉक’ या नावाचा एक अभ्यास

ध्वनिमुद्रित संगीताच्या क्षेत्रात आज विपुलतेमुळेच एक अडचण उत्पन्न झालेली आहे. पूर्वी दूरदेशीची ध्वनिमुद्रिका मिळविणे कठीण असे. आता ती घरबसल्या ऐकावयास मिळते. परंतु ती अस्तित्वात आहे हे मुळात कळावे कसे, हा प्रश्न मात्र शिल्लकच राहतो. मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींचा लाभ ज्या संगीताला होत नाही, त्याच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. अशा संगीताच्या शोधास निघालेल्या श्रोत्याच्या हाती आरंभी बहुधा एकच साधन असते, ते म्हणजे त्या संगीतप्रकाराचे नाव. या नावाची उत्पत्ती कशी होते, ते एका भाषेतून दुसऱ्या भाषेत कसे जाते आणि शोधाच्या कामी ते कोठवर उपयोगी पडते, याचा विचार ‘मॅथ रॉक’ या संज्ञेच्या आधारे प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. संगीताचे स्वरूप

प्रथम या संज्ञेने कोणत्या संगीताचा बोध होतो ते पाहिले पाहिजे. सर्वसाधारण रॉक संगीताचे आवर्तन चार मात्रांचे असते व त्यातील आघात ठरलेल्या जागी पडतात. मॅथ रॉकमध्ये पाच, सात, अकरा अशा विषम संख्येच्या मात्रांची आवर्तने योजिली जातात, आणि एकाच रचनेत ती वारंवार बदलतात. कित्येकदा दोन वाद्यांची आवर्तने एकाच वेळी भिन्न असतात. उदाहरणार्थ, गिटार सात मात्रांचा आकृतिबंध वाजवीत असता ड्रम्स चार मात्रांचा ठेका धरून राहिले, तर गिटारची चार आणि ड्रम्सची सात आवर्तने झाल्यानंतर, म्हणजे अठ्ठाविसाव्या मात्रेअखेर, दोघांचा आरंभबिंदू पुन्हा एक होतो. गायन पुष्कळदा नसतेच. असले तरी ते वाद्यांहून वरचढ नसते.

सात मात्रांचा रूपक किंवा दहा मात्रांचा झपताल परिचित असलेल्या मराठी वाचकास विषम मात्रांचे नवल वाटणार नाही. परंतु एक भेद ध्यानात ठेविला पाहिजे. तालात आवर्तन स्थिर असते आणि त्याच्या आधाराने कलावंत समेकडे येतो; श्रोत्याला सम कोठे येणार हे ठाऊक असते, आणि तेथे पोहोचण्यातच आनंद असतो. मॅथ रॉकमध्ये आवर्तनच पालटत असल्यामुळे श्रोत्याची अपेक्षा क्षणोक्षणी मोडली जाते व नव्याने बांधावी लागते.

विषम मात्रांचा उपयोग पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात याआधीही झालेला होता. डेव्ह ब्रुबेक यांच्या वाद्यचमूने १९५९ साली ध्वनिमुद्रित केलेली ‘टेक फाइव्ह’ ही पाच मात्रांची रचना प्रसिद्धच आहे. किंग क्रिम्सन या इंग्लिश बँडच्या १९८१ च्या ‘डिसिप्लिन’ या संग्रहात दोन गिटारींचे आकृतिबंध एकमेकांत गुंतविण्याची जी रीत दिसते, ती पुढील काळात फार अनुकरणीय ठरली. तथापि मॅथ रॉक हा स्वतंत्र प्रकार म्हणून ओळखला जाऊ लागला तो १९९० नंतरच्या दशकात, अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील व आसपासच्या शहरांत. लुइव्हिल येथील स्लिंट या बँडचा ‘स्पायडरलँड’ हा संग्रह १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी पिट्सबर्ग येथे डॉन कॅबलेरो या बँडची स्थापना झाली. या दोन्ही बँडांनी प्रारंभी या नावाखाली काम केले नव्हते, हे येथे महत्त्वाचे आहे. नाव मागाहून आले.

२. थट्टेतून संज्ञा

‘मॅथ रॉक’ या नावाचा उगम थट्टेत आहे, असे न्यूयॉर्कच्या चावेझ या बँडचे गिटारवादक मॅट स्वीनी यांनी एका मुलाखतीत सांगितले आहे. त्यांच्या सांगण्यानुसार त्यांचा एक मित्र त्यांच्या एका जुन्या बँडचे वादन निर्विकार मुद्रेने ऐके, आणि रचना संपताच ती कितपत चांगली झाली हे ठरविण्यासाठी गणकयंत्र बाहेर काढी. अशा संगीतास तो ‘मॅथ रॉक’, म्हणजे गणिती रॉक, म्हणे. त्यात स्तुतीचा लवलेशही नव्हता.

हीनतादर्शक शब्दास कालांतराने प्रतिष्ठा लाभण्याच्या या क्रियेस भाषाशास्त्रात अर्थोत्कर्ष म्हणतात. संस्कृतात ‘साहस’ हा शब्द अविचारी अथवा जुलमी कृत्याचा वाचक होता. मराठीत तो धाडसाच्या कौतुकाचा झाला. कलेच्या इतिहासातही असे दाखले आहेत. १८७४ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या प्रदर्शनाची खिल्ली उडविण्यासाठी लुई लरुआ या समीक्षकाने ‘इंप्रेशनिस्ट’ हा शब्द मथळ्यात वापरला, आणि पुढे तेच त्या चित्रकारांचे सन्मानाचे नाव झाले. ‘मॅथ रॉक’ची गती याहून भिन्न नाही. मात्र अनेक वादकांना हे नाव अद्यापि रुचत नाही, कारण त्यातून भावनाशून्य हिशेबाचा ध्वनी निघतो.

अर्थोत्कर्षाबरोबर अर्थविस्तारही झाला. ‘तैल’ शब्द मूळचा तिळाच्या रसापुरता असून पुढे सर्व तेलांना लागला, त्याप्रमाणे प्रारंभी कर्कश, आघातप्रधान वादनाचा वाचक असलेला हा शब्द पुढे मृदू, नाजूक स्वरांच्या रचनांनाही लागू झाला. इलिनॉय राज्यातील अर्बाना येथील अमेरिकन फुटबॉल या बँडचा १९९९ चा संग्रह हे याचे उत्तम उदाहरण होय. त्यात विषम मात्रा आहेत, परंतु सूर विषण्ण व हळुवार आहे. परिणामी आज या एका नावाखाली परस्परांशी फारसे साम्य नसलेल्या ध्वनिमुद्रिका एकत्र येतात. शिवाय जवळच्या संज्ञांशी सीमावाद आहेतच. ‘पोस्ट-रॉक’ ही संज्ञा सायमन रेनॉल्ड्स या समीक्षकाने १९९४ च्या सुमारास रूढ केली. त्यापूर्वीच प्रसिद्ध झालेल्या ‘स्पायडरलँड’वर आज दोन्ही संज्ञा हक्क सांगतात.

३. संज्ञेचे देशांतर

अमेरिकेबाहेर या संगीताचा सर्वांत भक्कम प्रसार पूर्व आशियात झाला. टोकियो येथे २००० साली टो हा बँड आणि २००३ साली लाइट हा बँड स्थापन झाला. क्योटो येथे २०१० साली ट्रिको व २०१२ साली उचू कोंबिनी हे बँड निघाले. तैवानमधील काओश्युंग येथे २०१२ साली एलिफंट जिम हा त्रिकुटाचा बँड उदयास आला. चीनमधील वुहान येथील चायनीज फुटबॉल या बँडचे नाव तर उपरोक्त अमेरिकन बँडच्या नावावरून उघड उघड घेतलेले आहे.

या देशांतरात संज्ञेचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. जपानी भाषेने शब्द ध्वनिरूपाने उचलला. तेथे तो ‘मसु रोक्कु’ असा उच्चारला जातो. इंग्रजीतील अंत्य वर्ण जपानीत नसल्यामुळे त्याच्या जागी ‘सु’ येतो, आणि त्यामुळे गणितवाचक ‘मॅथ’ व समूहवाचक ‘मास’ या दोन्ही इंग्रजी शब्दांचे रूप जपानीत एकच होते. चिनी भाषेने याउलट अर्थाचे भाषांतर केले. तेथील ‘शूश्युए याओगुन’ या नावात पहिला शब्द गणिताचा व दुसरा रॉकचा वाचक असून, हा दुसरा शब्दही ‘हलणे’ आणि ‘लोळणे’ या अर्थांच्या धातूंनी घडविलेले भाषांतरच आहे. अशा रीतीने एकाच वस्तूस तीन लिप्यांत तीन नावे प्राप्त झाली. यांपैकी एकच नाव जाणणारा श्रोता उरलेल्या दोन नावांखाली जे नोंदलेले आहे त्यास मुकतो.

बँडांच्या नावांबाबतही हीच अडचण येते. एलिफंट जिमचे चिनी नाव ‘हत्तीचा व्यायाम’ अशा अर्थाचे आहे. नाद आणि लिपी या दृष्टींनी दोन्ही नावांत काहीच समान नाही. उचू कोंबिनी म्हणजे ‘अंतराळातील किराणा दुकान’. हे नाव रोमन लिपीत कधी ‘न’ने तर कधी ‘म’ने लिहिलेले आढळते. याचे कारण मराठी वाचकास सहज उमजेल : जपानी अनुनासिक ‘ब’पूर्वी ‘म्’ असे उच्चारले जाते, जसा आपला ‘आंबा’ या शब्दातील अनुस्वार. एक पक्ष लेखनास धरून आहे, दुसरा उच्चारास. आणि या मतभेदात एकाच बँडच्या ध्वनिमुद्रिका दोन ठिकाणी विभागल्या जातात.

४. नावापलीकडील मार्ग

ध्वनिमुद्रिका स्वतः प्रसिद्ध करू इच्छिणाऱ्या कलावंतांसाठी २००८ साली बँडकँप ही विक्रीसेवा सुरू झाली. तेथे कलावंत आपल्या कृतीस स्वतःच वर्णनात्मक शब्द जोडतो, आणि श्रोता त्याच शब्दांच्या आधारे शोध घेतो. म्हणजे वर्गीकरणाचा जो अधिकार पूर्वी समीक्षक व दुकानदार यांच्याकडे होता, तो बराचसा कलावंताकडे आला. परंतु त्याबरोबर एक नवे बंधनही आले. ‘मॅथ रॉक’ हे इंग्रजी शब्द न जोडणारा वादक, मग त्याचे वादन कितीही तालविचक्षण असो, या वाटेने येणाऱ्या श्रोत्यास दिसत नाही. मर्यादित प्रतींत निघालेली ध्वनिमुद्रिका अशा रीतीने न ऐकताच विस्मृतीत जाते, आणि तिच्या कर्त्याचा पुढील ध्वनिमुद्रणाचा खर्चही भरून निघत नाही.

म्हणून जाणकार श्रोते नावावर विसंबून राहत नाहीत. ते प्रथमतः व्यक्तींचा माग काढतात. डॉन कॅबलेरोचे गिटारवादक इयन विल्यम्स पुढे न्यूयॉर्कच्या बॅटल्स या बँडमध्ये आले, व त्या बँडचा ‘मिरर्ड’ हा संग्रह २००७ मध्ये निघाला. उचू कोंबिनी २०१५ मध्ये बंद पडल्यावर त्यातील गिटारवादक दाइजिरो नाकागावा यांनी ज्योचो हा नवा बँड काढला. नाव बदलले तरी हात तेच राहतात. दुसरा माग ध्वनिमुद्रण करणाऱ्याचा होय. स्लिंटचा पहिला संग्रह ‘ट्वीझ’ आणि डॉन कॅबलेरोचा ‘फॉर रिस्पेक्ट’ हे दोन्ही स्टीव्ह अल्बिनी यांनी ध्वनिमुद्रित केले होते. २०२४ मध्ये निवर्तलेल्या या तंत्रज्ञाच्या कामाची यादी म्हणजे या क्षेत्राचा एक नकाशाच आहे. तिसरा माग प्रकाशनसंस्थेचा, आणि चौथा स्थळाचा. २०१३ पासून ब्रिस्टलजवळ भरणाऱ्या आर्कटँजंट या महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत विविध देशांचे अपरिचित बँड प्रसिद्ध बँडांच्या शेजारी आढळतात, आणि एकाच्या ओढीने आलेला श्रोता दुसऱ्यालाही ऐकून जातो.

असा शोध उशिरा लागला तरी निष्फळ होत नाही. स्लिंट हा बँड ‘स्पायडरलँड’ प्रसिद्ध होण्यापूर्वीच फुटला होता. अमेरिकन फुटबॉलही आपल्या पहिल्या संग्रहानंतर लौकरच थांबला. परंतु दरम्यानच्या वर्षांत श्रोत्यांनी तो संग्रह एकमेकांस ऐकविला, आणि २०१४ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघून बँड पुन्हा रंगमंचावर आला. पंधरा वर्षांच्या अवकाशात ज्यांनी ही ध्वनिमुद्रिका जिवंत ठेविली, ते तिचे श्रोतेच होते.

५. समारोप

वरील विवेचनाचे तात्पर्य असे सांगता येईल. विखुरलेल्या कृतींना एकत्र आणण्याचे काम संज्ञा करते, म्हणून तिच्यावाचून शोधास आरंभच होत नाही. परंतु संज्ञा ही एका भाषेची, एका काळाची आणि बहुधा एका थट्टेचीही निष्पत्ती असते. तिच्या कक्षेबाहेर राहिलेले संगीत तिच्यामुळेच अधिक अदृश्य होते. यास्तव ज्यास नवीन संगीत खरोखर ऐकावयाचे आहे, त्याने नावापासून निघावे, त्याच नावाची परभाषेतील रूपे जाणून घ्यावीत, आणि तेथून पुढे वादक, तंत्रज्ञ व गाव यांचा मागोवा घ्यावा. दूरच्या एखाद्या शहरात सात मात्रांचे आवर्तन घोळवीत बसलेल्या त्रिकुटापर्यंत पोहोचण्याचा याहून खात्रीचा मार्ग आज तरी नाही.