मुक्काम पोस्ट मोटरहोम

करोनानंतर आपल्या समाजातल्या अनेक घरांत एक गोष्ट अंगवळणी पडली आहे. मुलगा किंवा सून पुण्याच्या, नाहीतर बेंगळुरूच्या कंपनीत नोकरीला, आणि प्रत्यक्षात लॅपटॉप उघडून बसलेली देवासच्या घराच्या माडीवर. ऑफिसला जायचंच नसेल तर एका गावात तरी का अडकून राहायचं, हा त्याच्या पुढचा प्रश्न. त्यातून काही तरुण जोडपी मोटरहोमपर्यंत येऊन पोचतात. म्हणजे झोपायला पलंग, स्वयंपाकाचा ओटा, छोटा संडास आणि कामाचं टेबल असलेली गाडी. आठवडा इथे, आठवडा तिथे, आणि नोकरी चालूच. घरातल्या वडीलधाऱ्यांचा पहिला उद्गार ठरलेला असतो: "घरदार सोडून भटकत राहायचं?"

प्रश्न रास्त आहे. फक्त धार-देवासच्या मराठी माणसाने तो जरा जपून विचारावा, कारण आपली घराणी माळव्यात आली तीच मुळात तंबूंतून. नोव्हेंबर १७२८ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने अमझेऱ्याला मोगल सुभेदार गिरधर बहादुराचा पराभव केला. ते अमझेरा आज धार जिल्ह्यातच आहे. पुढच्या काही वर्षांत धार पवारांकडे आली, देवासला तुकोजी आणि जिवाजी या भावांच्या थोरल्या व धाकट्या पात्या झाल्या. पण या सरदारांचं आयुष्य राजवाड्यात कमी आणि गोटात जास्त गेलं. खुद्द थोरले बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीला वारले, तेही छावणीतच. त्या काळी दौलतीचा कारभार पुष्कळसा चालत्या मुक्कामातून व्हायचा. पत्र कुठून लिहिलं हे सांगायला "मुक्काम" लिहायचा आणि पुढे गावाचं नाव. आपण पाकिटावर अजून "मु. पो." लिहितो ते त्याच शब्दाचं उरलेलं शेपूट आहे.

हा गोट चालायचा कसा, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण आजच्या मोटरहोमच्या अडचणी जवळपास त्याच आहेत. टॉमस ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या गोटाबरोबर राहिला होता. त्याची पत्रं १८१३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. तो सांगतो की फौजेच्या पुढे बिनीवाला जायचा आणि नव्या मुक्कामाची जागा पाहून महाराजांच्या डेऱ्यासाठी एक निशाण रोवायचा. मग प्रत्येक बाजाराचं निशाण ठरलेल्या क्रमाने, शक्यतो सरळ रेषेत लागायचं. त्यामुळे गाव बदललं तरी गोटाचा नकाशा बदलत नसे. काल वाण्याचं दुकान जिथे होतं, आजही तिथेच सापडायचं. रोज नव्या जागी जाऊन रोज तीच घडी बसवायची, म्हणजे डोकं कामासाठी मोकळं राहतं. गाडीत राहणारी अनुभवी माणसं आजही हेच करतात: चहाचा डबा, चार्जर, औषधं यांची जागा वर्षभर हलत नाही.

फौजेबरोबर दफ्तर चालायचं, कारकून आणि रुमालात बांधलेले कागद चालायचे. बातमीसाठी जासूद, काशीद आणि सांडणीस्वार, पैशासाठी हुंडी. रोकड अंगावर न बाळगता दूरच्या शहरात पैसे मिळायचे ते सावकारांच्या पेढ्यांमुळे. ही साखळी तुटली की गोट आंधळा व्हायचा. पानिपतावर तेच झालं. रसद तुटली, डाक तुटली, आणि नानासाहेब पेशव्यांना त्या संहाराची बातमी जानेवारी १७६१ मध्ये भेलशाकडे असताना एका सावकारी पत्रातून कळली. धारचे यशवंतराव पवार त्याच रणात पडले होते. तेव्हा "नेटवर्क नाही" ही तक्रार आपल्याकडे फार जुनी आहे, आणि तिची किंमत आपण फार मोठी मोजली आहे.

आता गाडीकडे येऊ. सगळ्यात आधी वीज, कारण नोकरी तिच्यावर आहे. दोन माणसं, दोन लॅपटॉप, आठ तास काम: साधारण एक युनिट. छोटा बॅटरीवरचा फ्रिज अर्धा युनिट. पंखे, दिवे, पाण्याचा पंप, मोडेम मिळून आणखी अर्ध्याच्या आत-बाहेर. म्हणजे दिवसाला दोन युनिट. टपावर पाचशे वॉटचे सोलर पॅनल असतील तर माळव्यातल्या हिवाळ्याच्या स्वच्छ दिवशी एवढी वीज साधारण मिळते. रात्रीसाठी १२ व्होल्ट ३०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी धरली तर तिच्यात साडेतीन युनिट मावतात. हिशोब इथपर्यंत छान जुळतो. मग कोणीतरी एसीचा विषय काढतं. एक टनाचा एसी तासाला एक युनिटच्या आसपास खातो, म्हणजे एका रात्रीत सात-आठ युनिट, आणि ती सोलरवर निघत नाही. इंडक्शनवर अर्धा तास स्वयंपाक केला तरी पाऊण-एक युनिट गेला. म्हणून एसी हवा असेल तर संध्याकाळी कुठेतरी मेनची वीज मिळणारी जागा, म्हणजे रिसॉर्ट, कॅम्पिंगची जागा किंवा ओळखीच्या माणसाचं अंगण, हवंच. व्हिडिओंमध्ये डोंगरकड्यावर एकटी उभी असलेली गाडी दिसते. तिथे रात्री एसी चालत नसतो, एवढं लक्षात ठेवा.

पाण्याचा धडा आणखी कडक. शहरी पाणीपुरवठ्याची योजना आखताना माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. गाडीच्या टाकीत बहुधा शंभर ते दीडशे लिटर मावतं, आणि प्रत्येक लिटरचं एक किलो वजन गाडी ओढते. दोन माणसांनी काटकसरीने दिवसाला चाळीस-पन्नास लिटर वापरलं तरी तिसऱ्या दिवशी नळ शोधावा लागतो. देवासच्या जुन्या रहिवाशांना टंचाईचं वेगळं काही सांगायला नको. बादलीत भांडी घासणारी पिढी यात आजच्या पिढीपेक्षा लवकर पास होईल. संडासाबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. गाडीत साधारण वीस लिटरची सुटी टाकी असते, ती दोन-तीन दिवसांनी रिकामी करावी लागते. परदेशात त्यासाठी जागोजागी सोय आहे, आपल्याकडे जवळजवळ नाही. ती टाकी पेट्रोल पंपाच्या किंवा हॉटेलच्या संडासात, विचारून, ओतायची. नाल्यात किंवा नदीकाठी नाही. नर्मदेच्या काठाने हिंडताना तर मुळीच नाही.

इंटरनेटसाठी दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं आणि बाहेर अँटेना असलेला राउटर, एवढं पुरतं. आग्रा-मुंबई रस्त्यावर देवास, इंदूर, धामनोद, खलघाट असं जात असाल तर फारशी चिंता नाही. रस्ता सोडून डोंगरदऱ्यांत उतरलं की मीटिंगच्या वेळी पंचाईत होते. यावर उपाय तांत्रिक नसून वेळापत्रकाचा आहे. कामाच्या दिवसांत गाडी हलवायचीच नाही. सोमवार ते शुक्रवार एका जागी, प्रवास शनिवारी. बिनीवाल्याचं काम शुक्रवारी संध्याकाळी करायचं: पुढच्या जागी पाणी कुठे, रेंज कशी, रात्री गाडी लावू देतात का. आणि कंपनीला न सांगता हे करू नये. बऱ्याच नेमणूकपत्रांत कामाचं ठिकाण लिहिलेलं असतं.

कागदपत्रांकडे लोक शेवटी पाहतात, खरं तर आधी पाहावं. जुनी ट्रॅव्हलर घेऊन गावातल्या सुताराकडून आत पलंग-कपाट ठोकून घेतलं म्हणजे ते कायद्याने मोटरहोम होत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. त्यानुसार मान्यता असलेली गाडी घेतली तर आरटीओत आणि विम्याच्या वेळी वाद होत नाही. अपघातानंतर "हा बदल आम्हाला कळवला नव्हता" हे वाक्य ऐकणं फार महागात पडतं. एकूण वजन साडेसात टनांच्या आत असेल तर ती हलक्या वाहनात मोडते. गाडी दुसऱ्या राज्यात सलग बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर कलम ४७ प्रमाणे तिथली नोंदणी करावी लागते. २०२१ मध्ये आलेली बीएच मालिका त्यातून सुटका करते, पण ती सरकारी नोकरांना आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या कंपन्यांच्या नोकरांनाच मिळते. गॅससाठी पाच किलोचं छोटं सिलिंडर बरं, ते पत्त्याच्या पुराव्याशिवाय ओळखपत्रावर मिळतं.

पत्ता. इथे थोडं थांबायला हवं. धार-देवासच्या रस्त्यांच्या कडेला आपण गाडिया लोहारांचे मुक्काम पाहत आलो आहोत. गाडीत संसार आणि गाडीशेजारी भाता, म्हणजे चालत्या घरातून काम करणारी माणसं आपल्या दारातच होती. चित्तोड पडल्यावर स्थिर घर करायचं नाही अशी शपथ पूर्वजांनी घेतली, असं त्यांची परंपरा सांगते. त्यांच्याकडून आपण विळे, कढया घेतल्या, पण त्यांना शेजारी कधी मानलं नाही. भटक्या जमातींपैकी अनेकांना तर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा १९५२ मध्ये गेला. पुढे बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने २००८ मध्ये आणि भिकू रामजी इदाते यांच्या आयोगाने २०१८ च्या सुमारास अहवाल दिले. दोन्ही अध्यक्ष मराठी. पत्ता नाही म्हणून रेशनकार्ड नाही, कागद नाही म्हणून शाळा नाही, हे दुखणं त्यांनी सरकारपुढे मांडलं. गाडीत राहायला निघालेल्या आपल्या मुलाला पोलीस हटकतील तेव्हा तो आधार कार्ड दाखवेल, त्यावर आई-बाबांच्या घराचा पत्ता असेल, आणि सॉरी सर म्हणून त्याला सोडतील. भटकणं त्याला परवडतं ते मागे घर आहे म्हणून.

म्हणूनच माझं मत असं की घर विकून गाडी घेऊ नये. पत्ता धार-देवासचाच ठेवावा. मतदार यादीतलं नाव "सर्वसाधारण रहिवासी" या अटीवर असतं, आणि तात्पुरतं बाहेर राहिल्याने तो हक्क जात नाही, असं १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २० मध्येच म्हटलं आहे. बँक, पॅन, आरोग्य विमा, व्यवसाय असेल तर जीएसटीचं मुख्य ठिकाण, या सगळ्याला एक खुंटा लागतो. मुलं शाळेत जाणारी असतील तर गोष्ट अवघड होते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी-बारावी करता येते हे खरं, पण दहा वर्षांच्या मुलाला रोज खेळायला तोच मित्र लागतो, आणि तो गाडीत मिळत नाही.

राहिले आई-बाबा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला गाडीची उंच पायरी रोज चढवत नाही, तेव्हा "तुम्हीही चला आमच्याबरोबर" हे प्रेमाने म्हटलं तरी व्यवहारात टिकत नाही. इथे पुन्हा जुन्यांचीच पद्धत बरी वाटते. मराठी फौजा बाराही महिने फिरत नसत. दसऱ्याला सीमोल्लंघन, आणि पावसाच्या आधी परत किंवा एका जागी छावणी. माळव्यात जूनअखेर पाऊस लागला की सोलर अर्ध्यावर येतं, कच्च्या जागी चाकं रुततात, ओले कपडे गाडीत वाळत नाहीत. मे महिन्यात पारा बेचाळीसवर गेला की पत्र्याचा डबा तापतो. मग दसऱ्याला निघावं, उन्हाळा चढायच्या आत परतावं, आणि गणपती-महालक्ष्म्या घरीच कराव्यात. वर्षातले सहा महिने रस्त्यावर, सहा महिने घरी. डॉक्टरकडच्या तपासण्या, बँकेची कामं, घराची डागडुजी या सहा महिन्यांत. ज्यांना हे "अर्धवट" वाटतं त्यांनी हिशोबाची वही उघडावी: रिकाम्या घराचा खर्च आणि गाडीचा हप्ता दोन्ही भरून बारा महिने फिरणं किती जणांना जमतं?

गाडी विकत घेण्याआधी दहा दिवस भाड्याने घ्या, आणि सुट्टी न काढता घ्या. सुट्टीत सगळंच छान वाटतं. कसोटी मंगळवारी दुपारच्या मीटिंगला लागते. डिसेंबरात मांडूला जा. धारपासून पस्तीस-एक किलोमीटर, थंड हवा. तिथे पाच दिवस काम करा, पाणी मोजून वापरा, टाकी स्वतः रिकामी करा, रात्री विजेचा आकडा लिहून ठेवा. काही अगदीच फसलं तर तासाभरात धारला घरी जेवायला पोचता येतं.