प्रवेश मार्चमध्ये, निकाल जुलैत

आपल्याकडे परीक्षा आणि प्रवेश यांचा क्रम ठरलेला आहे. आधी बारावीची किंवा प्रवेश परीक्षा, मग निकाल, मग गुणवत्ता यादी. यादीतला शेवटचा विद्यार्थी आणि यादीबाहेरचा पहिला विद्यार्थी यांच्यात कधी एका गुणाचाही फरक नसतो. त्यामुळे अमेरिकेतील ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ अर्थात ‘एपी’ परीक्षांविषयी ऐकले, की आपण तोच हिशोब तेथे लावतो. पाचपैकी पाच गुण मिळाले, म्हणजे चांगल्या विद्यापीठात प्रवेश पक्का, असे आपल्याला वाटते. अमेरिकेत शिकायला जाऊ इच्छिणारे काही भारतीय विद्यार्थीही या परीक्षा देतात. तेव्हा या गुणांना प्रवेशात खरोखर किती वजन असते, ते पाहू. हे पाहताना मोजमापाविषयीचा एक मूलभूत प्रश्नही आपल्यापुढे येईल.

परीक्षेचा मूळ हेतू

अमेरिकेत नववी ते बारावी ही चार वर्षे हायस्कूलची असतात. १९५० च्या सुमारास तेथील शिक्षणतज्ज्ञांच्या असे लक्षात आले, की हुशार विद्यार्थी शाळेच्या शेवटी जे शिकतात, त्यातले बरेच महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी पुन्हा शिकतात. हा वेळ वाचावा म्हणून महाविद्यालयीन पातळीचे अभ्यासक्रम शाळेतच शिकवण्याची योजना निघाली. १९५५ पासून ‘कॉलेज बोर्ड’ ही संस्था ती चालवते. योजनेच्या नावातच तिचा हेतू आहे. महाविद्यालयात गेल्यावर विद्यार्थ्याला पुढच्या वर्गात बसवायचे. म्हणजे ही परीक्षा प्रवेश देण्यासाठी नव्हे, तर प्रवेश मिळाल्यानंतरच्या सोयीसाठी जन्माला आली.

आज सुमारे ४० विषयांत असे अभ्यासक्रम आहेत. प्रत्येकाची परीक्षा देशभर मे महिन्यात होते. बहुतेक विषयांत काही प्रश्न बहुपर्यायी आणि काही सविस्तर उत्तरांचे असतात. सविस्तर उत्तरे जून महिन्यात शाळांमधील व महाविद्यालयांतील हजारो शिक्षक तपासतात. शेवटी विद्यार्थ्याला १ ते ५ यांपैकी एक अंक मिळतो. ३ म्हणजे महाविद्यालयीन पाठ्यक्रमास पात्र आणि ५ म्हणजे अत्यंत पात्र. हा निकाल जुलैमध्ये लागतो.

कॅलेंडर काय सांगते

आता या तारखांशेजारी प्रवेशाच्या तारखा मांडून पाहू. अमेरिकन विद्यापीठांचे अर्ज बारावीचे वर्ष चालू असतानाच, साधारणपणे नोव्हेंबर ते जानेवारी या काळात भरावे लागतात. बहुतेक नामवंत विद्यापीठांचे निर्णय मार्चअखेरपर्यंत कळतात. कोठे जायचे, हे विद्यार्थ्याने १ मेपर्यंत कळवायचे, अशी रूढ पद्धत आहे. बारावीच्या एपी परीक्षा त्यानंतर सुरू होतात.

समजा, एका विद्यार्थिनीने अकरावीत तीन आणि बारावीत चार एपी अभ्यासक्रम घेतले. जानेवारीत तिचा अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्यापुढे सात अभ्यासक्रमांची नावे असतील, पण परीक्षेचे गुण फार तर तीनच विषयांचे. उरलेल्या चार विषयांत तिला पुढे ५ मिळोत वा २, प्रवेशाचा निर्णय तोवर होऊन गेलेला असतो.

जे तीन गुण हाती आहेत, ते सगळे कळवण्याचेही बंधन बहुतेक ठिकाणी नसते. अर्जात विद्यार्थी आपले गुण स्वतःच भरतो. चांगले गुण लिहून कमी गुण वगळण्याची त्याला मुभा असते. अधिकृत गुणपत्रक बहुधा प्रवेश घेतल्यानंतरच मागवले जाते. निवडून दाखवलेल्या नमुन्यावरून संपूर्णाचा अंदाज बांधता येत नाही, हे आपण विज्ञानाच्या तासाला शिकवतोच.

मग अधिकारी काय पाहतात

शाळेचे प्रगतिपत्रक पाहतात. अमेरिकेतील प्रवेश-सल्लागारांच्या राष्ट्रीय संघटनेने महाविद्यालयांची पाहणी अनेकदा केली आहे. तीत शाळेतील श्रेणी आणि घेतलेल्या अभ्यासक्रमांची कठीणता या दोन गोष्टी नेहमी वर असतात. एपी परीक्षेचे गुण त्यांच्या बरेच खाली असतात.

येथे दोन गोष्टींत गल्लत होऊ देऊ नये. एपी अभ्यासक्रमाची श्रेणी शाळेतला शिक्षक वर्षभराच्या कामावरून देतो. एपी परीक्षेचा गुण बाहेरून येतो. पहिली प्रगतिपत्रकात असते, दुसरा नसला तरी चालते. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा नियम पाहिला म्हणजे हे स्पष्ट होईल. तेथे साध्या विषयातील ‘ए’ श्रेणीला ४, ‘बी’ला ३ आणि ‘सी’ला २ गुणांक धरतात. विषय एपी असेल तर यांत एकाची भर पडते. म्हणजे एपी विषयातील ‘बी’ साध्या विषयातील ‘ए’च्या बरोबरीची होते. ही सवलत जास्तीत जास्त आठ सत्रांपुरती आहे. मात्र ती मिळण्यासाठी एपी परीक्षेत किती गुण पडले, हे विचारले जात नाही.

अर्थात सगळ्या शाळांत सारखे अभ्यासक्रम नसतात. एखाद्या शहरी शाळेत वीस एपी विषय असतील, तर खेड्यातील शाळेत दोनच. म्हणून शाळा अर्जासोबत आपली माहिती पाठवते आणि उपलब्ध विषयांपैकी विद्यार्थ्याने किती कठीण विषय निवडले, हे पाहिले जाते. ज्या शाळेत दोनच विषय आहेत, तेथील विद्यार्थ्याला वीसचा जाब कोणी विचारत नाही.

संशोधनातून दिसलेले उलटे चित्र

हा व्यवहार योग्य आहे का? सॉल गायझर आणि वेरोनिका सांतेलिसेस या संशोधकांनी २००४ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील ८० हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासल्या. शाळेतील इतर कामगिरी व घरची परिस्थिती यांचा परिणाम वेगळा काढल्यानंतर त्यांना असे आढळले, की विद्यार्थ्याने किती एपी वा तत्सम अभ्यासक्रम घेतले, या संख्येचा महाविद्यालयातील पुढच्या प्रगतीशी जवळजवळ संबंध नाही. एपी परीक्षेतील गुणांचा संबंध मात्र चांगलाच होता.

म्हणजे प्रवेशाच्या वेळी जे मोजले जात होते, त्यावरून पुढचे फारसे कळत नव्हते. ज्यावरून कळत होते, ते मोजले जात नव्हते. कारण समजण्यासारखे आहे. वर्गाच्या दारावर एपी अशी पाटी लावली, म्हणून आतला अभ्यास सगळीकडे सारखा होत नाही. (२००७ पासून कॉलेज बोर्ड प्रत्येक शाळेचा एपी अभ्यासक्रम तपासून मान्यता देते. पण कागदावरचा अभ्यासक्रम आणि प्रत्यक्ष शिकवणे यांतले अंतर शिक्षकांना सांगायला नको.) परीक्षेची फूटपट्टी मात्र सर्वांना एकच असते.

या फूटपट्टीचे मोल एका घटनेवरून ध्यानात येते. लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात, गरीब वस्तीतील गारफील्ड हायस्कूलमध्ये हाइमे एस्कलांते हे बोलिव्हियात जन्मलेले शिक्षक गणित शिकवत. १९८२ साली त्यांचे १८ विद्यार्थी कलनाच्या एपी परीक्षेत उत्तीर्ण झाले. त्यांपैकी १४ जणांच्या उत्तरांत साम्य दिसल्याने परीक्षा घेणाऱ्या संस्थेला संशय आला. १२ जणांनी परीक्षा पुन्हा दिली आणि ते सर्वच्या सर्व उत्तीर्ण झाले. अशा शाळेतील शिक्षकाने दिलेल्या ‘ए’ श्रेणीवर बाहेरच्या जगाने किती विश्वास ठेवला असता? परीक्षेच्या गुणाने ते काम केले.

गुण कोठे चालतात

जेथे निर्णय निकालापर्यंत थांबतो, तेथे हेच गुण निर्णायक ठरतात. ब्रिटिश विद्यापीठे सशर्त प्रवेश देतात. अमुक गुण मिळाले तर जागा तुमची, नाही तर नाही. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज अमेरिकन शाळांतील विद्यार्थ्यांकडून अनेक एपी विषयांत ५ गुणांची अपेक्षा ठेवतात. परीक्षा तीच, विद्यार्थीही तसेच, पण निर्णयाची वेळ बदलली की गुणांचे वजन बदलते.

अमेरिकेतही थोडा बदल दिसतो. २०२१ साली कॉलेज बोर्डाने ‘सॅट’च्या विषयवार परीक्षा बंद केल्या. २०२४ साली येल विद्यापीठाने सॅटऐवजी एपीचे गुण चालतील, असे जाहीर केले. अशा ठिकाणी अकरावीपर्यंतच्या गुणांना वजन आले.

प्रवेशानंतरचा मूळ उपयोग तर आहेच. अनेक सरकारी विद्यापीठांत ३ गुणांवरही पदवीसाठी लागणाऱ्या श्रेयांकांत सूट मिळते. तेवढे शुल्क आणि वेळ वाचतो. नामवंत खाजगी विद्यापीठे कडक असतात. एमआयटीमध्ये कलनाच्या वरच्या पातळीच्या परीक्षेत ५ मिळाले, तरच पहिला कलन पाठ्यक्रम माफ होतो. डार्टमथ महाविद्यालयाने २०१४ साली दाखल झालेल्या वर्गापासून पदवीसाठी असे श्रेयांक देणे थांबवले. तेथे एपीच्या गुणांवरून वरच्या वर्गात बसता येते, पण पदवीसाठीचे पाठ्यक्रम कमी होत नाहीत.

विद्यार्थ्यांना काय सांगावे

या सर्वांवरून तीन गोष्टी सांगता येतील. एक, झेपतील तेवढेच एपी विषय घ्यावेत आणि त्यांत शाळेची श्रेणी चांगली राखावी. बारावीच्या शेवटच्या सत्रात श्रेणी फार घसरल्या, तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो. दोन, अर्जात उपयोगी पडणारे गुण अकरावीपर्यंतचे असतात. तीन, बारावीची परीक्षा देण्यापूर्वी आपले विद्यापीठ त्या गुणांवर काय देते, हे तपासावे. एका परीक्षेचे शुल्क सुमारे १०० डॉलर असते. जेथे काहीच सूट नाही, तेथे ते भरावे की नाही, याचा विचार करावा.

शिक्षक म्हणून आपल्यासाठी यात आणखी एक मुद्दा आहे. वर्षभर विद्यार्थ्याला पाहणारा शिक्षक जे जाणतो, ते तीन तासांच्या परीक्षेला कळत नाही. आणि परीक्षा ज्या समान मापाने मोजते, ते माप एकट्या शिक्षकाजवळ नसते. आपल्याकडे अंतर्गत गुण आणि बोर्डाचे गुण यांच्यात हाच ताण आहे. अंतर्गत गुण सर्वांना सरसकट पैकीच्या पैकी दिले, की त्यांतून काहीच कळेनासे होते, आणि मग सारा भार एका परीक्षेवर पडतो. आपण दिलेली श्रेणी बाहेरच्या मापाशी पडताळून पाहता आली, तरच तिच्यावरचा विश्वास टिकेल.