पाद्री फिरतीवर, मंडळी गावात

अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांत मेथडिस्ट मंडळी आधी जमली, चर्चची इमारत मागाहून आली. तोवर उपासना कुणाच्या तरी लाकडी घरात, नाहीतर धान्याच्या कोठारात. पाद्री घोड्यावरून फिरायचा; एक फेरी पुरी व्हायला चार-सहा आठवडे सहज जात. १८०० पर्यंत त्याचा वार्षिक भत्ता होता ६४ डॉलर, आणि तोही पुरता हाती पडेलच असं नाही.

मग मधल्या काळात मंडळी सांभाळायची कुणी? वर्गप्रमुखाने, म्हणजे सभासदांच्या छोट्या गटाच्या म्होरक्याने. हा गावातलाच शेतकरी किंवा कारागीर, कधी एखादी बाईसुद्धा. पद्धतीचं मूळ मात्र चक्क कर्जफेडीत आहे. १७४२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला सभागृहाचं कर्ज फेडायला दर बारा जणांमागे एक माणूस आठवड्याला पेनी-पेनी गोळा करू लागला. वसुलीला दारोदार गेलं की घरातली भांडणं, दारू, सगळंच कळायचं. मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी हे नेमकं हेरलं, आणि वसुली करणाराच त्या बारा जणांच्या ‘वर्गा’चा प्रमुख झाला.

सभासदांना दर तिमाहीला छापील तिकीट मिळे. वागणूक बिघडली तर ते नाकारलं जाई. तिमाही सभेला लांबलांबून माणसं मुक्कामाला येत. तिथल्या ‘प्रेमभोजना’त पाव आणि पाणी एवढंच असे, पण दाराशी तिकीट दाखवावं लागे.